पणजीतलं गेट अ‍ॅनालिसिस वर्कशॉप: पहिल्या दिवसाला पाच स्टार, दुसऱ्याला दोन

मी फोंड्याला फिजिओ आहे, टाचदुखीचे आणि गुडघ्याचे पेशंट रोजचेच, म्हणून गेट अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे माणूस चालतो कसा ते तपासायच्या, पणजीतल्या या दोन दिवसांच्या वर्कशॉपला नाव घातलं. आयोजक कोण ते लिहीत नाही कारण खाली थोडं तिखट आहे. आपल्याकडे फक्त पायाचा असा वेगळा तज्ज्ञ असतो हेच बऱ्याच लोकांना माहीत नाही, त्यामुळे असं काही निघालं की सावंतवाडी-कुडाळची पोरंसुद्धा येतात, आलीच होती.

पहिला दिवस एक नंबर. सरांनी लॅपटॉप उघडलाच नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये एकेकाला अनवाणी चालायला लावलं आणि आम्हाला सांगितलं की एका फेरीला एकच सांधा बघा, आधी टाच, मग घोटा, मग गुडघा, मग कंबर, सगळं एकदम बघायला जाल तर काहीच दिसणार नाही. टाच टेकल्यापासून तीच टाच परत टेकेपर्यंत एक सायकल, त्यात पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत, दोन्ही पाय एकदम टेकलेले असा वेळ २० टक्क्यांच्या आसपास, हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेला घोकलेलंच होतं. पण एका आजोबांना आधी हळू आणि मग भरभर चालवलं ना, तेव्हा तो २० चा आकडा हलताना दिसला. पडायची भीती असलेला माणूस दोन्ही पाय जास्त वेळ टेकवून ठेवतो, आणि पळायला लागलं की तो वेळ शून्य.

मग अंगठा. उभ्या माणसाचा अंगठा हाताने वर उचलायचा आणि कमान बघायची. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा तळपायाचा फॅशिया, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंतचा जाड पट्टा, बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो आणि कमान वर येते, हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडलेली गोष्ट, पाय पुढे ढकलताना तो कडक कसा होतो ते यावरून समजतं. पोटरीवर तर तासभर गेला आणि तो तास सगळ्यात कामाचा. चालताना गुडघा सरळ असताना घोटा १० अंशांच्या आसपास पुढे वाकायला लागतो, पोटरी आखडलेली असेल तर टाच लवकर उचलते नाहीतर पायाचा मधला भाग खाली बसतो, म्हणजे लोकांना फ्लॅट फूट म्हणून बुटात घालायचं सोल गळ्यात मारलं जातं आणि मूळ दुखणं पोटरीत!

दुपारी डायबेटिसवाले एक काका आले होते. १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढा दाब देऊन स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा, अंगठ्याखाली टेकवला, काका विचारतात "सुरू केलें?", इकडे केव्हाच लावून झालेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ च्या पाहणीत डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, तेव्हा हे सेशन इथे हवंच होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायावर जे काम केलं तेही सरांनी छान सांगितलं, दुखणं कळत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, त्याच जागेवर पावलामागून पाऊल दाब पडत राहतो आणि जखम होते, म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबरच्या चपला.

आणि दुसरा दिवस? सर गायब, कंपनीचा माणूस हजर. पायाचा दाब मोजणाऱ्या प्रेशर प्लेटवर उभं करायचं, स्क्रीनवर लाल-पिवळे डाग, "बघा मॅडम, ओव्हरप्रोनेशन" (पाय आतल्या बाजूला जास्त कलंडतो), की झालं, कस्टम इनसोल. अहो, उभं राहिल्यावरची कमान बघून चालताना पाय काय करेल ते खात्रीने सांगता येत नाही, आदल्या दिवशी हेच शिकलो होतो ना आम्ही? चालवून घेतलं तेही जेमतेम, आणि प्लेट दिसली की माणूस तिच्यावर नेमका पाय पडावा म्हणून पाऊल लांब-आखूड करतो, ते आलेख कसे धरायचे? सबटॅलर न्यूट्रल, म्हणजे घोट्याखालचा सांधा मधल्या स्थितीत धरून पाय मोजायची अमेरिकी पायतज्ज्ञ रूट यांची ७० च्या दशकातली पद्धत, वेदवाक्य असल्यासारखी शिकवली, त्यावर पुढे केवढी टीका झाली त्याचा उल्लेखही नाही. कुडाळच्या एका मुलाने विचारलं की दोघा जणांनी मोजलं तर उत्तर सारखं येतं का, तर "चहाच्या ब्रेकनंतर बोलू". ब्रेकनंतर ऑर्डर फॉर्म वाटले. मशीन वाईट नाही हां, डायबेटिसच्या पायाला जास्त दाब कुठे पडतो ते बघायला चांगलीच आहे, पण तेवढं सोडून बाकी सगळं दाखवलं.

जेवण ठीक, पातळभाजी-पाव मात्र मस्त. पार्किंगचं विचारू नका, शहराबाहेर गाडी लावून बसने या. सर कोकणी-इंग्लिश मिसळून बोलतात, सिंधुदुर्गच्या पोरांना काही अडलं नाही. नोट्स ईमेलवर पाठवतो म्हणाले, अजून आलेल्या नाहीत.

पुढची बॅच लागली तर फक्त पहिल्या दिवसाची फी घेतात का ते आधी फोन करून विचारा, आमच्यातल्या एकीकडून तेवढीच घेतली होती. आणि शॉर्ट्स घेऊन या, एकमेकांनाच चालवून बघायचं असतं आणि सलवारीत गुडघा दिसत नाही.