आईसाठी घेतलेली लाल ताटली – सहा महिने वापरून

आईला अल्झायमर आहे, पाचवं वर्ष चालू आहे. गेल्या दिवाळीनंतर तिचं जेवण एकदम कमी झालं, ताट समोर ठेवलं की नुसती बघत बसायची, आम्हाला वाटायचं भूक नसेल, मग वाटायला लागलं हट्ट करतेय, मी एकदोनदा ओरडले पण तिच्यावर, त्याचं अजून वाईट वाटतं. एक दिवस शेजारी बसून नीट बघितलं तर ती स्टीलच्या ताटात चमकणारा ट्यूबलाइटचा उजेड बोटांनी उचलायला बघत होती. आणि पांढऱ्या प्लेटमधला दहीभात तर तिला वेगळा दिसतच नसणार.

या आजारात डोळे चांगले असले तरी रंगांमधला फरक ओळखणं मेंदूला जड जातं. 2004 सालच्या एका अभ्यासात बोस्टनच्या संशोधकांनी आजार खूप पुढे गेलेल्या पेशंटना भडक लाल ताटं आणि कप देऊन बघितले होते, जेवण 25 टक्क्यांनी आणि पाणीबिणी पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. पेशंट नऊच होते, तरी म्हटलं करून बघू.

ऑनलाइन मागवली, 450 रुपये. गडद लाल, नक्षी अजिबात नाही (नक्षी नकोच, आई ती फुलं वेचत बसते), एका बाजूचा काठ उंच आहे त्यामुळे चमचा काठाला टेकवला की घास आपोआप चमच्यात येतो. पहिल्याच आठवड्यात चार घासांवरून वाटीभर दहीभातापर्यंत आली, तेही स्वतःच्या हाताने! इडली, घावन, साबुदाण्याची खीर सगळं छान उठून दिसतं. बिटाची कोशिंबीर आणि टोमॅटोचं सार मात्र लालात लाल, ते पांढऱ्या वाटीतच द्या.

तक्रार एकच, खालचं रबर टेबलाला चिकटतं म्हणून सांगितलं होतं पण महिन्याभरात सुटलं, कंपनीला फोटो पाठवले तरी उत्तर नाही. आता खाली ओला नॅपकिन घालते, सरकत नाही.

आणि हो, गिळताना ठसका लागत असेल किंवा घास गालात तसाच राहत असेल तर ताट बदलून काही होणार नाही, डॉक्टरांनाच दाखवा. आईला मी ताठ बसवूनच जेवायला देते आणि जेवल्यावर अर्धा तास आडवी होऊ देत नाही.

दुसरी घेतलीय भावाकडे नगरला ठेवायला, या वेळी बिनरबराची, साधी.