पखवाज घ्यायचाय? पॉलिश राहू द्या, आधी तोंड बघा

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या अंगाला वाद्यांचं एक बारकं दुकान आहे, तिथून आमच्या भजनी मंडळासाठी पखवाज बनवून आणला, त्याचा हा रिव्ह्यू. दुकानाला धड पाटी नाही, बाहेर दोन फुटक्या ढोलक्या टांगल्यात तीच पाटी समजा. शोरूम पाहिजे असंल तर इथं काही नाही.

वाद्य एक नंबर आहे. पण का एक नंबर ते लिहितो, कारण बाकी लोक नुसतं 'साउंड जबरदस्त' म्हणून मोकळे होतात अन् घेणाऱ्याला त्यातनं काडीचं कळत नाही.

आधी लाकूड. आत खोडं रचून ठेवलेली, शिसम, खैर, बाभूळ, एका कोपऱ्यात आंबा. आमच्यासोबतचा पोरगा सरळ शिसमाकडं गेला, रंगाला देखणंच असतंय ते. मामांनी (दुकानदाराला सगळे मामाच म्हणतात) लाकडाचं नंतर बघू म्हणले अन् आधी विचारलं, बसून वाजवणार का गळ्यात घालून? हा प्रश्न मला आजवर एकाही दुकानात कुणी विचारला नव्हता. खैराचा पखवाज बसून वाजवायला भारी, लाकूड गच्च असतंय, नाद टिकतोय, पण दिंडीत तोच गळ्यात अडकवून चालायचं म्हणलं तर खांद्याचं काही खरं नाही. आंबा हलका अन् स्वस्त पण आवाज पिऊन टाकतो, वर कीड लागायची भीती. आम्ही शेवटी शिसमच घेतला, पण जाडी बेताची ठेवून. खोड फार पातळ कोरलं की वजन कमी होतंय हे खरं, पण आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात बेचाळीस डिग्रीला ते तडकतंय, म्हणून लाकूड आधी पुरतं वाळलेलं पाहिजे, ओल्या खोडाचा पखवाज कितीबी स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता एक कामाची गोष्ट. बाजारात आंब्याला काळपट पॉलिश मारून शिसम म्हणून विकायलेत. बाहेरून ओळखूच येत नाही. पुडी (तोंडावर ताणून बसवतात ते चामडं) चढवायच्या आधी बोलवा म्हणून सांगून ठेवायचं अन् रिकाम्या खोडात हात घालून, टॉर्च मारून बघायचं, आतून पॉलिश नसतंय तिथं लाकडाचा खरा रंग अन् रेघा दिसतात. मामांनी आम्हाला न मागता दाखवलं, तिथंच माझा अर्धा विश्वास बसला.

अन् खरं म्हणजे लाकडाचं एवढं कौतुक लोक करतात तेवढं आवाजात नसतंय. आवाज पुडीत आहे अन् पुडी जिथं बसते त्या तोंडात आहे. तोंडाची कड जरा जरी वाकडी किंवा खडबडीत राहिली तर पुडी सगळीकडं सारखी ताणत नाही, एका घराला (पुडीच्या कडेचे सोळा भाग, त्यातला एक) सूर चढा, समोरच्या घराला उतरलेला, मग गठ्ठे (चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून हात दुखतात पण सोळा घरं एका सुरात येत नाहीत. मामा कड घासताना खोड पाटावर उलटं ठेवून खालून उजेड दिसतोय का बघायले होते. तोंड किती इंची ठेवायचं तेबी गाणाऱ्याच्या पट्टीवर ठरतंय, लहान तोंड चढ्या सुराला, मोठं तोंड खालच्या सुराला. आमचे बुवा काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुरात) गातात, तसं सांगून माप ठरवलं. पट्टी न विचारता कुणी रेडिमेड पखवाज हातात दिला तर समजून जा.

शाईबद्दल, म्हणजे उजव्या पुडीच्या मधल्या काळ्या ठिपक्याबद्दल, तर मी तासभर बोलू शकतो. भाताची नायतर कणकेची खळ अन् लोखंडाची भुकटी, एक थर लावायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, परत दुसरा थर. घोटताना शाईला बारीक बारीक भेगा पडतात, लोकांना वाटतं माल खराब आहे, पण त्या भेगांमुळंच शाई पुडीबरोबर हलते, गुळगुळीत डांबरासारखी एकसंध असती तर पुडी दगड झाली असती. साध्या ढोलाला सूर लागत नाही अन् पखवाजाला, तबल्याला लागतो तो ह्या काळ्या ठिपक्यामुळंच, मधे वजन आल्यावर पुडीचे वेगवेगळे नाद एकमेकांशी जुळून येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये ह्याच्यावर लिहिलंय, म्हणजे नोबेलच्या दहा वर्षं आधी. मामांना सांगितलं तर म्हणले, "बरं झालं लिहून ठेवलं, आमच्या बापाला कुणी विचारलं नाही."

धुम्यावरून, म्हणजे डाव्या तोंडावरून, मात्र आमचं भांडण झालं. डावीकडं ताजी कणीक मळून लावावी लागते अन् वाजवून झालं की खरवडून काढावी लागते, पहाटे काकड्याला कोण मळत बसणार, म्हणून आम्ही म्हणलं ढोलकीला असतो तसा आतून कायमचा मसाला भरून द्या. मामा ऐकेचनात. म्हणले ढोलकीचा धुम वेगळा, पखवाजाचा धुमा वेगळा, तो गाजला पाहिजे, मसाला लावला की मुका होईल. कणीक कमीजास्त करून धुमा उजवीच्या खालच्या सप्तकात मिळवता येतो, मसाल्याला ती सोय नाही. आता कणीक लावून ऐकलं की पटतंय, तरी पहाटे चारला मळताना शिव्याच येतात तोंडात.

नट-बोल्टचा पखवाज घ्यावा का वादीचा (चामड्याच्या पट्ट्यांनी ताणलेला), हे सगळेच विचारतात. शेजारच्या गावच्या मंडळानं नट-बोल्टचा मागवला, चमक बघून. सुरात आणायला पाना फिरवला की झालं, पावसाळ्यात चामडं ओलं होऊन सूर उतरला तरी पटकन चढतो, सोय आहे खरी. पण लोखंडाचं वजन वाढतंय अन् बोल्ट जरा ढिला झाला की प्रत्येक थापेला बारीक खणखण, माइकवर ती लई घाण येते. ढोलकीला मी नट-बोल्ट चालवून घेतो, पखवाजाला नाही. वादीचा पखवाज दिसायलाबी पखवाज दिसतो, ते आडवेतिडवे पट्टे अन् मधले गठ्ठे, ह्याच्याइतकी देखणी गोष्ट कुठल्याच कोरीव नक्षीत नाही. नक्षीवरून आठवलं, खोडावर खोल नक्षी मागू नका, जिथं कोरतात तिथं लाकूड पातळ होतंय अन् चिरही तिथूनच जाते. आम्ही कडेला लाखेच्या दोन लाल रेघा फक्त मारून घेतल्या.

आता तक्रारी. पॉलिश सगळीकडं सारखं नाही, खालच्या अंगाला ब्रशचे केस चिकटलेले आहेत. सोबत दिलेली खोळ पहिल्याच प्रवासात उसवली. अन् वेळ! मामांचं 'परवा' म्हणजे पुढचा आठवडा धरून चला. श्रावणातले सप्ते अन् आषाढी तोंडावर असली की आणखीन उशीर, फोनबी उचलत नाहीत. बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं.

आम्हाला बारा हजाराला पडला. ह्याच्यापेक्षा स्वस्त मिळतो, महागबी मिळतो. अंबाजोगाईकडं शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ऐकून मोठी झालेली जी कानाची पक्की मंडळी आहे, त्यांच्यातल्या एकाला दाखवला, त्यांनी शाईवर दोन थापा मारल्या, धुम्यावर एक, अन् विचारलं पुडी कुणी बांधली. किंमत विचारलीच नाही.

पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क उशिराचा अन् खोळीचा कापला. जाताना पेटीवाल्याला पेटीसकट सोबत न्या, सूर तिथंच मिळवून घ्या, पुडी बसायला थोडे दिवस जातात तेव्हा एकदा परत नेऊन ताण काढून घ्या, त्याचे मामा पैसे घेत नाहीत. अन् आषाढीसाठी पाहिजे असंल तर ऑर्डर होळीच्या आसपासच टाका.