'नेस्पिथे' की 'एल्व्हनेफ्रिस': आधी कोणता ऐकायचा?

डेथ, कॅनिबल कॉर्प्स, नाइल हे अमेरिकन बँड ऐकून झालंय आणि आता अमेरिकेबाहेरचं, फारसं कुणी नाव न घेतलेलं टेक्निकल डेथ मेटल (म्हणजे गुंतागुंतीच्या वादनाचं, गुरगुरत गायलेलं जड मेटल) हवंय, असं कुणी विचारलं की मी दोन नावं सांगतो. एक फिनलंडच्या डेमिलिचचा 'नेस्पिथे', 1993 चा. दुसरा चेक प्रजासत्ताकातल्या लायकेथिया अफ्लेमचा 'एल्व्हनेफ्रिस', 2000 चा. दोन्ही बँडच्या नावावर पूर्ण अल्बम म्हणावा असा हा एकेकच. बाकी साम्य तिथेच संपतं.

'नेस्पिथे' आवडणार की नाही, हे पहिल्या मिनिटातच कळतं, आणि ते ठरतं गायक अंती बोमनच्या आवाजावर. त्याला ग्रोल, म्हणजे मेटलमधलं नेहमीचं गुरगुरणं, म्हणणंही जड जातं. पावसाळ्यात खोल विहिरीतून बेडूक ओरडावा तसा तो आवाज येतो. हे यंत्राचं काम असणार असं ऐकणाऱ्याला हमखास वाटतं, म्हणूनच बहुधा आवाजावर कुठलाही इफेक्ट वापरलेला नाही असं बँडने आवर्जून छापलं होतं. शब्द कळत नाहीत. गाण्यांची नावं मात्र वाचावीत, काही तर अख्ख्या वाक्याएवढी आहेत.

पण खरा माल गिटारमध्ये आहे. पहिलंच गाणं घ्या, 'व्हेन द सन ड्रँक द वेट ऑफ वॉटर'. त्यातला रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, सरळ चालतच नाही. खालच्या पट्टीतले सुटे सूर वळसे घेत पुढे सरकतात, आता सम येईल म्हणून मान हलवावी तर रिफ तिला बगल देऊन भलतीकडेच वळलेला असतो. दोन-तीनदा ऐकलं की मान आपोआप बरोबर जागी हलते आणि मग सुटका नाही. त्याच 1993 मध्ये फ्लोरिडात सिनिक आणि एथीस्ट हे बँड जॅझकडे झुकून कौशल्य दाखवत होते. फिनलंडमधल्या कुओपिओच्या या डेमिलिचच्या पोरांनी तसलं काही केलं नाही. त्यांचं संगीत डेथ मेटलसारखंच घाणेरडं आणि चिखलातलं राहिलं, फक्त हाडं वेगळ्या जागी बसवलेली. अल्बम आला त्याच वर्षी बँड मोडला. पुढे अधूनमधून एकत्र आले, पण दुसरा अल्बम नाही.

'एल्व्हनेफ्रिस'ची अडचण उलटी आहे. हा बँड आधी अपॉलिंग स्पॉन या नावाने वाजवायचा, आणि ब्रूटल डेथ मेटलचा तो वेग इथेही आहे. ड्रमर तोमाश कॉर्नचे ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान सलग मारा, थांबायचं नावच घेत नाहीत. पण त्या गदारोळावर गिटार चक्क उजळ, जवळजवळ आनंदी सुरावटी वाजवतात. मध्येच स्वच्छ आवाजातलं गाणं येतं, कीबोर्ड येतो. पहिल्या गाण्याचं नाव 'लँड व्हेअर सिम्पथी इज एअर', पुढे 'टू गिव्ह', 'सॅडनेस अँड स्ट्रेंग्थ'. प्रेतं आणि आतडी यांच्यावर पोसलेल्या प्रकारात हे लोक करुणेबद्दल गुरगुरतात! इजिप्तचे संदर्भ आहेत, पण नाइलसारखे शाप आणि संहाराचे नव्हेत. शेवटचं गाणं माअत् या सत्याच्या देवतेच्या बागेतून फिरवून आणतं, अकरा-एक मिनिटं, एकही ब्लास्ट बीट नाही.

हे ऐकायला विचित्र वाटतं. प्रत्यक्षात ते जमलंय, आणि माझ्या माहितीत इतकं कुणाला जमलेलं नाही.

मोठी खोट म्हणजे लांबी. 'नेस्पिथे' चाळीस मिनिटांच्या आत आटोपतो आणि त्यात भरतीचा रिफ सापडत नाही. 'एल्व्हनेफ्रिस' सत्तर मिनिटांच्या वर जातो. मधल्या गाण्यांत ड्रमचा तोच मारा कानाला थकवतो, कुठलं गाणं संपून कुठलं सुरू झालं याचं भान सुटतं. ध्वनिमुद्रणातही मला 'नेस्पिथे'च सरस वाटतो. मळकट असूनही प्रत्येक गिटार वेगळी ऐकू येते. 'एल्व्हनेफ्रिस'मध्ये ड्रम पुढे बसतात आणि गिटारचं बारीक काम शोधावं लागतं, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर तो लावूच नका.

तेव्हा, रिफसाठी मेटल ऐकत असाल आणि आवाज विचित्र असला तरी चालत असेल, तर 'नेस्पिथे'. गिटार वाजवणाऱ्याने तर दुसरा विचारच करू नये. ग्रोलशी जमतं, पण त्याच त्या काळोखाचा कंटाळा आलाय, त्याने 'एल्व्हनेफ्रिस' घ्यावा. दुर्लक्षित म्हणाल तर आज तोच जास्त आहे, कारण डेमिलिचचं नाव आता जाणकारांच्या तोंडी पक्कं बसलंय. मला एकच ठेवायला सांगितला तर मी 'नेस्पिथे' ठेवेन, थोडा जीव तुटेल इतकंच.

'एल्व्हनेफ्रिस' घेतलात तर सुरुवातीला सलग ऐकायचा हट्ट धरू नका. पहिली तीन गाणी ऐका, थांबा, दुसऱ्या दिवशी थेट शेवटचं लावा. मधला भाग त्यानंतर.