सीटी की चिरफाड? मृत्यूचं कारण कशातून कळतं

नागपूरचं मेडिकल रुग्णालय असो की मेयो, शवविच्छेदनगृहाबाहेर थांबलेले नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, चिरफाड न करता नुसत्या सीटी स्कॅनवर नाही भागत का?" कधी भागतं, कधी अजिबात नाही. संशय कशाचा आहे, यावर सगळं आहे.

वर्धा रोडवरचा अपघात, उंचावरून पडणं, गोळीबार यांत सीटी सरस. चेहऱ्याची किंवा पाठीकडची हाडं नेहमीच्या शवविच्छेदनात सहसा उघडतही नाहीत. सीटीत तिथला तडाही दिसतो. छातीत साठलेली हवा चटकन कळते. गोळी कुठे अडकली, वाटेत तिचे तुकडे कुठे सांडले, हे आधी समजलं की शोधाशोध वाचते. अर्थात गोळी बाहेर काढावीच लागते. गोळी-बंदुकीची तपासणी करणाऱ्या बॅलिस्टिकवाल्यांना फोटो नको, गोळी हवी.

चालता-बोलता माणूस कोसळला असेल तर मात्र मी सुरीच्या बाजूचा. हृदयाच्या धमनीतलं कॅल्शियम साध्या सीटीत दिसतं, पण धमनी गुठळीने बंद झाली होती का, ते कळत नाही. रक्तच फिरत नाही, तर धमन्या दिसाव्यात म्हणून सोडायचा डाय (रंगद्रव्य) पुढे कसा जाणार? तो पंपाने ढकलून अँजिओग्राफी करता येते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी. फुफ्फुसातली गुठळी मृत्यूआधीची की नंतर गोठलेलं रक्त, यातही गल्लत होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलेल्या ब्रिटिश अभ्यासात १८२ मृत्यू तपासले. शवविच्छेदनाशी ताडून पाहिलं तर कारण ठरवण्यात मोठी तफावत सीटीत ३२ टक्के निघाली आणि एमआरआयमध्ये ४३. मशीन महाग म्हणून निदान पक्कं, असं नाही.

विषाचा संशय असेल तर वादच नको. कीटकनाशक सीटीत दिसत नाही. पोट, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून व्हिसेरा प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. सीए (रासायनिक विश्लेषणाचा) रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर मत राखून ठेवतात.

आणि उष्माघात, आपल्या नागपूरचा खास पाहुणा. त्याची खात्रीची खूण ना सुरीला सापडते ना सीटीला. मृत्यूआधी ताप किती होता, माणूस कुठे पडला होता, हे बघत आणि बाकीची कारणं वगळत तिथवर पोहोचायचं. वर मे महिन्यात देह लवकर कुजतो, आणि कुजण्याचे वायू सीटीत आजारासारखे भासतात.

दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून आभासी, म्हणजे चिरफाडीऐवजी स्कॅनवर केलेलं, शवविच्छेदन होतंय. पण पोलिस केसमध्ये निवड नातेवाइकांच्या हाती नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली तपास अधिकारी शव पाठवतो, पद्धत डॉक्टर ठरवतात. विनंती करता येते, ती लेखी आणि शव उघडण्याआधी करा. एकदा छाती उघडली की हवा निघून जाते, रक्त हलतं, आणि मग सीटी काढून फारसं काही हाती लागत नाही.