‘बोटीवरून आणलेला’ क्यूबन सिगार घेताय? आधी पेटी उलटी करा

सीझनला मालवणपासून अलिबागपर्यंत रिसॉर्टच्या आवारात एक थाप हमखास ऐकू येते: “भाऊ बोटीवर असतो, त्याने कोहिबा आणलेत. पंचवीसची पेटी आठ हजारांत देतो.” (कोहिबा म्हणजे क्यूबाचा नावाजलेला सिगार.) कोकणात खरोखरच अनेक घरांतलं कोणी ना कोणी बोटीवर असतं, म्हणून ती पटते.

तारकर्लीत पुण्याच्या एका ग्रुपने अशीच पेटी घेतली. झाकण काचेचं! व्यवहार तिथेच थांबायला हवा होता, कारण काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी क्यूबातून येतच नाही. खऱ्या पेटीच्या तळावर ‘एचो एन कूबा’ (क्यूबात बनवलेला), ‘तोतालमेन्ते आ मानो’ (पूर्णपणे हाताने) ही स्पॅनिश अक्षरं तापलेल्या शिक्क्याने डागलेली असतात. नख फिरवलं की खाच लागते. या ग्रुपच्या पेटीच्या तळावर नुसती शाई. कारखान्याचा कोड आणि तारीख मात्र खऱ्या पेटीवरही शाईनेच असते, पण महिना स्पॅनिश हवा: जानेवारीला ‘एने’, ऑगस्टला ‘आगो’. इथे चक्क ‘जॅन’ होतं. पेटीवरच्या हिरव्या-पांढऱ्या सरकारी हमीपट्टीवर एकटीवर भिस्त ठेवू नका. ती १९१२ पासून आहे, २०१० पासून तिच्यावर होलोग्राम आणि बारकोडही आहे, पण नकला करणारे तीही छापतात.

सुटा सिगार मिळाला तर पेटवायच्या टोकाकडून बघा. आत लांब पानांच्या घड्या दिसायला हव्यात. भुगा दिसला, बोटांत फिरवताना चुरा गळला, तर ते कापलेल्या तुकड्यांचं भरण आहे. अशा सिगारची राख टिकत नाही, एका बाजूने भराभर जळतो आणि तुकडे तोंडात येतात. कोहिबा रोबुस्तो (कोहिबाचा एक आखूड, जाडसर प्रकार) १२४ मिलिमीटर लांब आणि जेमतेम २० मिलिमीटर जाड असतो. मोजपट्टी लावायला लाजू नका.

चव तर लपतच नाही. कोहिबाच्या सेको (झाडाच्या मधल्या भागातली) आणि लिहेरो (शेंड्याकडची, जोरकस) पानांना पिंपात तिसऱ्यांदा आंबवतात. गवत, देवदार, कोको, कॉफी ही छटा त्या मुरण्यातून येते, वरून लावलेली नसते. नकलीत पान कच्चं राहतं. पहिल्याच झुरक्याला अमोनिया नाकात जातो, घसा सोलवटतो, आणि तो दर्प झाकायला व्हॅनिलाचा इसेन्स मारलेला असतो. ओठ गोड, चिकट लागले की समजा. (तंबाखूचा अपाय मात्र खऱ्यातही तेवढाच.)

भारतात कायदेशीर आयात झालेल्या पेटीवर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा, आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असते. हे काहीच नसेल तर ‘बोटीवरचा’ माल असली निघाला तरी बेकायदाच. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रोख दिले असतील तर परत मिळणं कठीण.

आणि ती पेटी चांगल्या सिगारांच्या ह्युमिडॉरमध्ये (ओलावा राखणाऱ्या सिगारपेटीत) अजिबात ठेवू नका. कोकणच्या उकाड्यात तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात, टाचणीएवढी भोकं पाडत किडा शेजारच्या सिगारांत शिरतो.