पेटीवालीच्या कानांनी: मार्था आर्गेरिचचे शोपँ प्रेल्यूड्स

चोवीस तुकडे, सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. काही तर आपल्या गायकाचं तानपुरे लावणं सुरू होईपर्यंत संपलेले असतात. पियानोवादक मार्था आर्गेरिचने १९७० च्या दशकात डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलेला हा संगीतकार शोपँचा ओपस २८, म्हणजे चोवीस प्रेल्यूड्सचा (छोट्या पियानो-रचनांचा) संग्रह, सध्या माझ्या कानात मुक्कामाला आहे. मी पेटीची साथ करते, पियानो शिकलेली नाही. पियानोवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

‘हार्मनी म्हणजे नक्की काय हो?’ असं विचारणाऱ्यांना मी थेट ४ नंबरकडे पाठवते. ई मायनर, म्हणजे ई हा सा आणि गंधार कोमल. पेटीवर पांढरी तीनचा (तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरा. उजव्या हाताची चाल काय, तर पंचमावर थांबायचं, कोमल धैवताला हात लावायचा, परत पंचम. चार बार (तालाची छोटी आवर्तनं म्हणा) जवळजवळ हेच. मैफलीत कुणी एवढंच गायलं तर लोक चहाला उठतील. पण खाली डाव्या हातात तीन-तीन सुरांचे कॉर्ड (एकदम वाजवलेले सुरांचे गुच्छ) धडधडत असतात, आणि त्यातला कधी हा, कधी तो सूर हळूच खाली उतरतो. वरचा पंचम जागचा हललेला नसतो, तरी दर वेळी निराळा लागतो. आधी शांत, मग बोचरा, मग पार पोरका. आपल्याकडे सा पक्का, आणि बाकीच्या सुरांची ओळख त्याच्यावरून. इथे सूर तिथेच ठेवून खालची जमीन सरकवली आहे. माझ्यासाठी हा सगळा संग्रह त्या एका गोष्टीसाठी ऐकण्यासारखा आहे.

पेटी असेल तर करूनच बघा. डावा हात भात्यावर, म्हणून कॉर्ड उजव्या हाताने: मंद्रातला कोमल गंधार, मंद्र पंचम आणि मधला सा. मग एका वेळी एखादंच बोट खाली, बहुधा अर्ध्या सुराने. वरचा पंचम गळ्यातून लावा. शेवटच्या तीन कॉर्डच्या आधी शोपँने एक थांबा लिहिलाय. आर्गेरिच मधल्या उसळीत हात सैल सोडते, आणि म्हणूनच हा थांबा अंगावर येतो.

१५ नंबर, ‘रेनड्रॉप’ नावाने सगळ्यांना माहीत असलेला, त्याच्या बरोबर उलट. काळी एकचा सा, आणि पंचम सतत टिपटिपत राहतो. मधल्या काळोख्या भागातही सा तोच, पंचम तोच. गंधार मात्र कोमल होतो आणि घरातले दिवे गेल्यासारखं वाटतं. हे आपल्या कानाला लगेच कळतं. आर्गेरिच इथे गळा काढत नाही, हे तिचे उपकार.

७ नंबर अवघा १६ बारांचा. एकच लय आठ वेळा, आणि बाराव्या बारात एक भरगच्च कॉर्ड, की झालंच. बांधणी बघायची तर हा. २० नंबर १३ बारांचा: आधी दणदणीत, मग हलका, मग त्याहून हलका. १६ नंबरला बाई सुसाट सुटतात. मला दम लागतो, पण थांबवावंसं वाटत नाही.

क्रम मोडू नका. सी मेजर (मेजर म्हणजे गंधार शुद्ध), त्याच्या जोडीचा ए मायनर, मग पाच सूर वर जाऊन जी मेजर, ई मायनर, असं करत चोवीसही स्वरपट्ट्या पुऱ्या होतात. २३ नंबरमध्ये तर शेवटाशी डाव्या हातात एक आगंतुक कोमल निषाद येतो आणि वाक्य अर्धवट लटकतं. लगेच २४ नंबरचं वादळ हवं, शेवटच्या तीन खर्जातल्या ठोक्यांपर्यंत. मी ऐकते त्या ॲपच्या फुकटच्या आवृत्तीने नेमकी तिथे साबणाची जाहिरात घातली. पैसे भरा, नाहीतर सीडी मिळवा.

तक्रार एकच. काही संथ तुकड्यांत ही बाई बसायला तयार नसते. कॉर्ड मोजून-मापून ऐकायचे असतील तर त्याच काळातलं पियानोवादक मौरित्सिओ पोलिनीचं ध्वनिमुद्रण जास्त स्वच्छ आहे. जीव मात्र मला इथे जास्त लागतो. साडेचार तारे.

चोवीसानंतर याच ध्वनिमुद्रणात शोपँचे आणखी दोन सुटे प्रेल्यूड आहेत. त्यातला ओपस ४५ फार सुंदर, सारखा पट्टी बदलत भटकणारा. पण तो दुसऱ्या दिवशी ऐका. त्या तीन ठोक्यांनंतर लगेच काही लावू नये.