स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन: फॉरमॅटनंतर राहिलेल्या ड्रायव्हरसाठी

फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकली की लॅपटॉप सुरू होतो, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही, स्पीकर गप्प असतो आणि स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली दिसतात. कारण त्या त्या भागांचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते भाग चालवता यावेत म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअरं, बसलेली नसतात. अशा वेळी कुठलं टूल वापरायचं, असं दुकानात येणारी कॉलेजची मुलं नेहमी विचारतात. मी त्यांना स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन सांगते. मशिनला कुठले ड्रायव्हर हवेत ते शोधून बसवणारं हे टूल. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून थेट चालतं आणि त्यात जाहिराती नाहीत. पण मी स्वतः ते सगळ्यात आधी कधीच उघडत नाही. आधीची दोन कामं झाल्यावर जे उरतं त्यासाठीच ते वापरावं, असं माझं ठाम मत आहे. तसं वापरलं तर त्याच्या तोडीचं दुसरं काही मला माहीत नाही.

आमचं दुकान सांगलीत. येणारा माल बहुतेक कंपन्यांतून निघालेल्या जुन्या लॅपटॉपचा: डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं घेतात, क्लासवाले घेतात, ई-सेवा केंद्रवाले घेतात. प्रत्येक मशिनवर कोरी विंडोज टाकावी लागते आणि मग ड्रायव्हरची पाळी येते.

पहिलं काम इंटरनेट मिळवायचं. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, या गाठीवर सोपा उपाय प्रत्येकाच्या खिशात असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून असतो, त्यामुळे फोनच नेटवर्क कार्डाचं काम करतो. केबल मात्र डेटावाली हवी. नुसती चार्जिंगची असेल तर काही होत नाही. मग विंडोज अपडेट चालवायचं, रीस्टार्ट करायचं, पुन्हा चालवायचं. त्यातच ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हरची वेगळी यादी असते, ती बरेच जण उघडतच नाहीत. लॅपटॉप चारपाच वर्षांचा असेल तर निम्म्याहून जास्त काम इथंच उरकतं.

दुसरं काम कंपनीच्या साइटवर जायचं. डेलच्या पोटाखाली सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो टाकला की त्याच मॉडेलचे ड्रायव्हर समोर येतात. लेनोवोला सिरियल नंबर चालतो. इथून मी आवाजाचा, टचपॅडचा आणि फंक्शन बटणांचा ड्रायव्हर घेते.

एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या सगळ्या भागांच्या यादीत, दोनतीन पिवळे त्रिकोण उरतात. त्या भागाचा ड्रायव्हर राहिल्याची ती खूण. या भागांची नावं भल्याभल्यांना चकवतात. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ वाचून लोक मोडेम शोधत बसतात. इंटेलच्या मशिनवर तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे इंटेलच्या चिपमधल्या एका आतल्या यंत्रणेचा, ड्रायव्हर असतो. ‘एसएम बस कंट्रोलर’ म्हणजे चिपसेटचा, मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा, ड्रायव्हर राहिला. जुन्या लॅपटॉपवर ‘बेस सिस्टीम डिव्हाइस’ दिसलं की मी आधी बाजूच्या मेमरी कार्डाच्या खाचेकडे बघते. आणि नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ लिहिलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी, म्हणजे त्या भागाचा ओळख क्रमांक. तिथं व्हेंडरच्या जागी ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. डेलच्या जुन्या लॅटिट्यूडवर हा आयडी पुष्कळदा ‘एसएमओ ८८’ने सुरू होतो. तो लॅपटॉप हातातून निसटला तर ओळखणारा सेन्सर आहे, हार्ड डिस्कची सुई वाचवण्यासाठी बसवलेला. एसएसडी टाकलेल्या मशिनला त्याचा उपयोग नाही, पण गिऱ्हाइकाला पिवळा त्रिकोण दिसला की मशिनमध्ये खोट आहे असं वाटतं, म्हणून तोही मी घालवते.

हे उरलेले त्रिकोण घालवायला स्नॅपी. पहिल्यांदा उघडलं की ते तीन पर्याय देतं: सगळे ड्रायव्हर पॅक (ड्रायव्हरचे गठ्ठे) उतरवा, फक्त नेटवर्कचे उतरवा, किंवा फक्त सूची उतरवा. घरी एकाच लॅपटॉपसाठी वापरणार असाल तर सूची पुरते. ती लहान असते, आणि मशिनला काय हवं ते कळल्यावर तेवढाच पॅक मागवता येतो. दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करत असाल तर नेटवर्कचे पॅक पेनड्राइव्हवर ठेवा. आमच्याकडे पूर्ण संच आहे. त्याला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि तो उतरवायला पक्कं ब्रॉडबँड हवं. पॅक टोरंटने, म्हणजे लोकांच्या एकमेकांच्या संगणकांवरून, येतात, त्यामुळे उतरवताना तुमच्याकडून वरही काही डेटा जातो. मोबाइल हॉटस्पॉटवर पूर्ण संच लावून झोपू नका, दिवसाचा कोटा सकाळपर्यंत संपलेला असेल. कॉलेजच्या वायफायवर टोरंट बंदच असतं, तेव्हा हे काम घरीच करावं.

विंडोत ड्रायव्हरची यादी येते आणि बाजूला खुणा करायचे चौकोन असतात. हे चौकोन हेच या टूलचं खरं मोल आहे, असं मला वाटतं. बसवलेलाच नाही, नवा आहे, जुना आहे, जास्त जुळणारा आहे, कमी जुळणारा आहे, असं प्रत्येक ड्रायव्हरबद्दल ते वेगळं सांगतं. बहुतेक ड्रायव्हर टूल्स ‘तुमचे अमुक इतके ड्रायव्हर जुने आहेत’ म्हणून लाल अक्षरांत घाबरवतात आणि एक मोठं बटण पुढे करतात. आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. इथं मला दिसतं आणि निवड माझ्या हातात राहते. मी ‘बसवलेला नाही’ एवढीच खूण ठेवते, बाकीच्या काढते. मग प्रत्येक ओळीवर माउस नेऊन हार्डवेअर आयडी बघते, बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून रिस्टोअर पॉइंटचा चौकोन टिकते आणि मगच इन्स्टॉल दाबते.

‘नवा आहे’ची खूण का काढते, हे नीट सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त मशिनं तिथंच बिघडतात. एकच रिअलटेकची ऑडिओ चिप दहा वेगळ्या लॅपटॉपमध्ये असते, पण प्रत्येक कंपनी तिला आपला सबसिस्टीम क्रमांक देते आणि स्पीकर, माइक, हेडफोनची जोडणी आपल्या पद्धतीने करते. कंपनीचा ड्रायव्हर त्या पूर्ण क्रमांकाशी जुळतो. सरसकट ड्रायव्हर फक्त चिपच्या नावाशी जुळतो. तारीख नवी असली तरी हा सरसकट ड्रायव्हर बसवला की हेडफोन घातल्यावरही स्पीकर वाजत राहणं, माइक मेल्यासारखा होणं, असे प्रकार होतात. शिवाय तारखेवर विसंबण्यात अर्थच नाही. इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ अशी तारीख दिसते. ती इंटेल कंपनीच्या स्थापनेची आहे, मुद्दाम टाकलेली, म्हणजे त्याच उपकरणासाठी खास ड्रायव्हर आधी बसवलेला असेल तर त्याला हा मागे सारणार नाही. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवरही २१ जून २००६ हीच तारीख वर्षानुवर्षं आहे. ही तारीख बघून ‘ताई, हा ड्रायव्हर तर माझ्या जन्माआधीचा’ म्हणून आलेल्या मुलाला मी हेच समजावलं होतं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही मी इथून घेत नाही. इंटेल, एएमडी, एनव्हिडियाच्या साइटवरून थेट घेते.

स्नॅपीचा चेहरा मात्र साधासुधा माणूस बघून दचकेल असा आहे. एका खिडकीत बारीक अक्षरांच्या ओळी, डावीकडे चौकोनांची रांग, पॅकची नावं सगळी आखूड आणि रोमन. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी ते स्वतःहून वापरायला सांगणार नाही. शेजारी बसून दाखवलं तर दहा मिनिटांत कळतं.

काही ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नये. ते चालतं विंडोजच्या आत. अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकताना पुष्कळदा डिस्कच दिसत नाही, कारण इंटेलच्या व्हीएमडीचा, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो. तो कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून, फाइल उघडून त्यातलं फोल्डर विंडोज टाकायच्या बूटेबल पेनड्राइव्हवर ठेवावं आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते दाखवावं. तासगावकडच्या एका ई-सेवा केंद्रवाल्या दादांचा संगणक आला होता, तिथं दोन गोष्टी राहिल्या: कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर आणि आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र. प्रिंटरचा ड्रायव्हर कॅननच्याच साइटवरून घ्यावा, आणि आपली विंडोज ३२ बिट आहे की ६४ हे आधी बघावं. ठशाच्या यंत्राला नुसता ड्रायव्हर पुरत नाही. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या नियमाप्रमाणे त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे यंत्राची आधारकडे नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरही, चालू लागते, आणि ती यंत्र बनवणाऱ्याकडूनच मिळते. बाहेर लाभार्थ्यांची रांग असताना हे कळण्यापेक्षा फॉरमॅट मारायच्या आधी कळलेलं बरं, म्हणून केंद्रवाल्यांना मी आता आधीच विचारून घेते की काय काय जोडता.

स्नॅपीत नाही आणि कंपनीने मॉडेल साइटवरून काढून टाकलंय, असं झालं तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये तो हार्डवेअर आयडी जसाच्या तसा चिकटवून शोधा. पूर्ण आयडीने नाही सापडलं तर फक्त व्हेंडर आणि डिव्हाइसचा भाग ठेवून बघा. कॅब फाइल उतरते, ती सेव्हन-झिपने उघडायची आणि डिव्हाइस मॅनेजरला ते फोल्डर दाखवायचं.

पैसे घेऊन ड्रायव्हर अपडेट करणारी टूल्स बाजारात भरपूर आहेत. त्यातल्या एकाने आलेल्या लॅपटॉपचा टचपॅड असा करून ठेवला होता की दोन बोटांचं स्क्रोलिंगच गेलं. कंपनीचा ड्रायव्हर परत बसवल्यावर आलं. त्या मुलीने त्यासाठी वर्षाची वर्गणी भरली होती, याचं मला आजही वाईट वाटतं. असल्या गोष्टीला एक रुपयाही देऊ नका.

माझ्याकडून स्नॅपीला पाचपैकी चार. एक गुण कापला तो सुरुवातीलाच बऱ्याच खुणा चालू असतात म्हणून. नवख्या माणसासाठी फक्त ‘बसवलेला नाही’ एवढीच चालू असायला हवी होती.

आणि लॅपटॉप अजून धडधाकट चालू असेल, फॉरमॅट उद्या मारायचा असेल, तर आजच विंडोजच्या पीएनपीयूटिल या आज्ञेने, तिच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायासह, सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा. ही सोय विंडोज १० पासून आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो, आणि फोल्डर आधी तयार करून ठेवावं लागतं. नवी विंडोज पडली की त्याच आज्ञेच्या ॲड-ड्रायव्हर पर्यायाने ते परत बसतात. तेव्हा बहुधा स्नॅपी उघडायची वेळच येणार नाही.